गळक्या नळाजवळचे बटाटे

रंगारीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतींकडे बघत. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत ह्यांची बोटं भिंतीवर टकटक करून आलेली असत, कोपऱ्यात नाक खुपसून एक लांब श्वास घेऊन झालेला असे, आणि मग पाण्याचा पेला हातात घेताघेता निकाल.

"न्हाणीघराच्या मागे ओल आहे."

"अहो काका, ती भिंत कालच पुसली."

"पुसली असेल. पण ओल आतली आहे. बाहेरून येते ती पाहुणी, दोन दिवसांत जाते. ही घरातलीच झालीय."

घरातली बाई तोंड वाकडं करायची आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्याने निरोप पाठवायची. मग काका यायचे. पिंपात चुना भिजवायचे, तो बुडबुडायला लागला की चार पावलं मागे सरकायचे, थंड झाला की फडक्यातून गाळायचे आणि शेवटी त्यात निळीची चिमूट टाकायचे. निळीची चिमूट हे गुपित होतं. म्हणजे काका ते गुपित म्हणून सगळ्यांना सांगत.

चुन्यावर त्यांचा जीव. भिंतीला बुरशी आली? चुना. कोपऱ्यात मुंग्या? चुना. झाडाच्या बुंध्याला कीड? चुना. आवाज बसलाय म्हणून कुणी खोकलं तरी काकांची नजर आपसूक पिंपाकडे जायची. आणि ओल म्हणजे जन्माची वैरीण. "चुना आणि ओल ह्यांचं पटत नाही," काका म्हणत, "आणि मी चुन्याच्या बाजूचा."

मग गुडघे गेले. शिडीच्या चौथ्या पायरीवर डावा गुडघा असा काही कट्‌ करायचा की खाली उभी असलेली माणसं वर बघायची. त्याच सुमाराला काकांचे थोरले भाऊ जाऊन तीन हंगाम झाले होते आणि वहिनींची पाठ बोलायला लागली होती. दादांचं बटाट्याचं शेत वहिनी एकटीने ओढत होत्या. साधे बटाटे नव्हेत, बेण्याचे. म्हणजे दुसरे शेतकरी जे लावायला घेतात ते. साल गुळगुळीत, डोळे टपोरे, कुठे डाग नाही. माणसं दारात येऊन घेऊन जायची.

वहिनी बोलायच्या ते फक्त प्रश्नांत. "जेवलात का? मग उभे का? बसा म्हणून सांगायला लागतं का?" त्याच सुरात एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, शिडी सुटली, आता करणार काय? माझं शेत बघाल का?"

काकांनी हो म्हटलं. शेताच्या टोकाला अवजारांची खोली होती, तिच्यात त्यांनी खाट टाकली, चारही भिंती पांढऱ्या करून घेतल्या आणि राहायला गेले.

शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण गंमत अशी झाली की ते शेताच्या प्रेमात पडले. भिंत एकदा रंगवली की गप्प बसते. शेत बसत नाही. दर हंगामाला काहीतरी उलट बोलतं. काका सरीत उकिडवे बसायचे, मातीचं ढेकूळ फोडून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "हा वास नक्की कशाचा?" शेजारून जाणारा म्हणायचा, "मातीचा." काका म्हणायचे, "ते मला कळलं. पण मातीत कशाचा?" शेजारचा पुढे निघून जायचा. हा प्रश्न काकांना रात्री जेवतानाही सोडायचा नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींचे वास घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचा म्हणावा असा वास मिळाला होता.

पहिल्या हंगामात थोड्या बटाट्यांवर खपल्या निघाल्या. सालीवर खरखरीत तपकिरी चट्टे, जुन्या भिंतीचा पोपडा सुटतो तसे. खाली सगळं ठीक, नुसती साल खराब. खाऊन बघितलं तर चव तीच. पण बेण्याला असा बटाटा कोण घेणार?

काकांनी बटाटा फिरवून फिरवून बघितला. पोपडा! ह्यावरचा इलाज तर त्यांना झोपेतही येत होता.

त्यांनी शेताला चुना दिला.

दुसऱ्या हंगामात खपल्या वाढल्या. काकांनी हिशेब केला, एक हात कमी पडला. दुसरा हात दिला. तिसऱ्या हंगामात एकेक बटाटा असा निघाला की जणू खडकावर घासून आणलाय. दारातली माणसं यायची थांबली.

आणि मग यंत्रवाला आला.

यंत्रवाला म्हणजे पलीकडच्या शेतांचा मालक. नांगरायचं, लावायचं, काढायचं, सगळ्याची यंत्रं त्याच्याकडे. तो 'मी' कधी म्हणायचा नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरात खुर्ची उलटी करून बसला आणि म्हणाला, "आपलं कसं असतं वहिनी, एकदम सरळ. शेत आपल्याला द्या कसायला. आपण काय करणार, जमिनीत औषध सोडणार, वरून कापड अंथरणार, आतलं सगळं साफ. एक जंतू राहणार नाही. पाटी कोरी."

"सगळं म्हणजे?" काकांनी कोपऱ्यातून विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं."

"आत कोण कोण असतं पण?"

यंत्रवाल्याने वहिनींकडे बघितलं. "काकांचे प्रश्न फार. आपल्याच शेताला चुना लावणारा माणूस आपण पहिल्यांदाच बघितला हो." आणि स्वतःच इतका हसला की खुर्ची करकरली.

वहिनी हसल्या नाहीत. तो गेल्यावर त्यांनी कपबशा विसळल्या, हात पुसले आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, येत्या हंगामाचं पीक बघू का? पुन्हा असंच निघालं तर शेत त्याला देऊ नको तर काय करू?"

वहिनींचे बाकीचे प्रश्न उत्तराची वाट बघायचे. हा बघत नव्हता.

काका शेतावर परत आले. खोलीत मन लागेना. म्हणून पाना घेऊन खालच्या कोपऱ्यात गेले. तिथे पाण्याच्या नळाचा सांधा गळत होता. थेंब थेंब, रात्रंदिवस. आल्या दिवसापासून दुरुस्त करायचा राहिलेला. रंगाऱ्याच्या शेतात गळका नळ! कुणाला कळलं तर काय म्हणेल, ह्या लाजेने ते तिकडे कुणाला फिरकूही देत नसत. काढणीच्या वेळी मजूरही तो चिखल टाळूनच गेले होते.

काका वाकले, सांध्याला पाना लावला आणि तोल सावरायला डावा हात मातीत रोवला. हाताला काहीतरी लागलं. बटाटा. राहून गेलेला. त्यांनी सदऱ्याला पुसला आणि पुसतापुसता थांबले.

गुळगुळीत.

त्यांनी आणखी उकरला. दुसरा, तिसरा. सगळे नुकत्याच घोटलेल्या गिलाव्यासारखे. चार पावलं अलीकडे, कोरड्यात, उकरलं. खपल्या. पुन्हा ओलीत. गुळगुळीत.

काका चिखलातच बसले. जिच्याशी जन्मभर भांडलो ती ओल आपल्या शेतात बसून चांगले बटाटे काढतेय, आणि आपला सख्खा चुना मात्र… त्यांनी पाना खिशात घातला. नळ गळू दिला.

वहिनींची मुलगी शहरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीला आली तेव्हा दारातच काका दोन पिशव्या घेऊन उभे.

"काका, माझी सुट्टी आहे."

"सुट्टीत माणूस काय करतो?"

"झोपतो."

"माती झोपते का गं?"

पुतणीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी सांगितलं का त्यांना यायला?"

पण पुतणीही त्याच घरातली. पिशव्यांतली माती बघितली, बटाटे बघितले, आणि झोप राहिली बाजूला. शेतात जाऊन तिने स्वतःच्या हाताने नव्याने नमुने घेतले, कारण काकांनी आणलेल्या एका पिशवीच्या तळाला चुन्याची पूड होती. "काका, ही पिशवी आधी कशाची होती?" "चुन्याची. पण झटकली होती मी." "छान. म्हणजे आपणच भातात मीठ टाकायचं आणि मग मीठ कुठून आलं विचारायचं."

काही दिवसांनी तिने बोलावलं तेव्हा काका शहरात गेले. प्रयोगशाळेच्या बोळात शिरल्या शिरल्या भिंतीशी थांबले, टकटक केली, हुंगलं आणि दरवानाला म्हणाले, "इथे ओल आहे." दरवान म्हणाला, "इथे सगळीकडेच आहे. कुणाकडे काम आहे?"

पुतणीने टेबलावर दोन काचेच्या ताटल्या ठेवल्या. झाकण असलेल्या, तळाला खळीसारखा थर दिलेल्या. "मातीचं पाणी पातळ करून करून ह्याच्यावर पसरलं. जो जिवाणू जिथे पडला तिथे त्याने आपलं कुटुंब वाढवलं. एकटा दिसत नाही, पण खानदान दिसतं. ही कोपऱ्यातली माती."

काका वाकले. ताटलीत जत्राच होती. पिवळे चकचकीत ठिपके, फिकट गुलाबी, दुधाळ, एक पसरट ओघळलेला, एक नारिंगी टाचणीच्या टोकाएवढा.

"हे सगळे आपल्या शेतात राहतात?"

"जे ह्या थरावर वाढायला तयार झाले ते. बाकीचे कितीतरी इथे येतच नाहीत. लाजतात. आता ही बघ, मधल्या शेतातली."

दुसऱ्या ताटलीत गर्दी होती, पण रंग उडालेला. बहुतेक ठिपके पांढरे, कोरडे, भुकटी लावल्यासारखे. काकांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"हे तर चुन्याचे शिंतोडे."

"मलाही तसंच वाटलं पहिल्यांदा. पण जिवंत आहेत. आता गंमत बघ." तिने झाकण किंचित उचललं. "लांबूनच. नाक घालू नकोस."

काकांनी मान पुढे केली आणि तशीच ठेवली. तोच वास. सरीतला, ढेकळातला, जेवताना पाठ न सोडणारा.

"मातीचा वास हेच करतात काका. ही पांढरी मंडळी. आणि बटाट्याला खपल्या पाडणारेही ह्यांच्यातलेच, ह्यांच्याच भावकीतले."

काका खुर्चीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. "म्हणजे ज्याचा वास मला आवडतो तोच…"

"तोच नाही. भाऊबंद. घाई नको करूस. पांढरे सगळे चोर नाहीत, बरेचसे भले आहेत. काही तर दुसऱ्या जंतूंना रोखणारी औषधं स्वतः तयार करतात. ह्या ताटलीत चोर नेमका कोणता हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. पण त्या चोराची आवड आम्हाला माहीत आहे. त्याला आंबट माती सोसत नाही. कोरडी आवडते. आणि आंबटपणा मारायला माणसं मातीत काय घालतात?"

काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांची नजर हाताच्या नखांवर होती. नखांच्या कडांना अजून पांढरं होतं, कित्येक वर्षांचं, न जाणारं.

"मी त्याला दोन वर्षं…"

"घर रंगवून दिलंस," पुतणी म्हणाली. "फुकटात. निळीची चिमूट घालून."

आणि दोघंही इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरच्या बाईने "अगं, कशाला उकळी फुटली?" म्हणून विचारलं.

हसू ओसरल्यावर काकांनी विचारलं, "मग यंत्रवाला म्हणतो तसं सगळ्यांनाच बाहेर काढलं तर?"

"काहींच्या शेतात चालतंही. पण रिकाम्या घरात पहिला कोण शिरेल, हे तू ठरवणार का? भले लोक आधी येतील अशी खात्री कोण देतं? कोपऱ्यात बघ. तिथे चोरही असेल, पण गर्दी इतकी की त्याला बसायला जागा नाही. बटाटा लहान असतो, साल कोवळी असते, तेव्हाच तो आत शिरतो. तेव्हा ओल असली की सालीवर दुसरेच आधी येऊन बसतात, असं म्हणतात."

"असं म्हणतात म्हणजे?"

"म्हणजे बऱ्याच ठिकाणी तसं दिसलंय. पण आत नेमकं कोण कुणाला ढकलतं ते अजून शोधताहेत लोक."

काकांचा चेहरा उजळला. शहरातल्या शिकलेल्या माणसांनाही माहीत नाही, आणि ती शोधताहेत! परतीच्या वाटेवर हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडली.

नव्या हंगामात चुन्याची पोती बाहेर गेली. "घातलेला चुना एका वर्षात निघणार नाही," पुतणीने बजावलं होतं, "तुझ्या हातात ह्या वेळी एकच गोष्ट आहे, पाणी. आणि तेही चिखल करून नाही. चिखल केलास तर बटाटे कुजतील आणि यंत्रवाला बांधावर बसून हसेल."

रोपांच्या मुळांशी गोटीएवढे बटाटे धरायला लागले आणि काकांची परीक्षा सुरू झाली. सकाळी उठून ते वरंब्यात बोट खुपसायचे. भिंतीत ओल शोधायचे अगदी तसंच, फक्त आता ओल सापडली की खूश व्हायचं आणि नाही सापडली की घाबरायचं. हाताला सवय उलटी. एकदा बोटाला गारवा लागला तर त्यांच्या तोंडून आपसूक "अरेरे" निघालं, आणि मग "नाही नाही, शाबास" म्हणून त्यांनी वरंबा थोपटला. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, पाणी सोडायचे.

खत-औषधांच्या दुकानदाराला प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायची सवय होती. तो रस्त्यावरून ओरडला, "कुजतील काका, कुजतील, सांगतो कुजतील!"

यंत्रवाल्याने यंत्र थांबवलं. "काका, आपण बटाटे लावलेत की मासे सोडलेत?"

"अजून ठरलं नाही," काका म्हणाले. "जे वर येईल ते."

पण खोलीत आल्यावर मात्र त्यांना झोप यायची नाही. पांढऱ्या भिंतींकडे बघत ते पडून राहायचे. खाली, अंधारात, कोवळ्या सालीवर आत्ता कोण येऊन बसलं असेल? पिवळा चकचकीत? की तो पांढरा? एकदाही वर काढून बघता येत नाही, ही केवढी शिक्षा! भिंत कशी समोर असते. शेवटी न राहवून त्यांनी एक रोप उपटलंच. गोट्या स्वच्छ होत्या. पण रोप मेलं, आणि दिवसभर काकांना त्याचं वाईट वाटत राहिलं.

काढणीच्या दिवशी वहिनी स्वतः आल्या. पाठीला पट्टा बांधून, हातात काट्याचं फावडं. मागून यंत्रवालाही आला, "आपण सहज" म्हणत. पुतणी बांधावर उभी.

"कुठून काढू?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथून."

वहिनींनी मधल्या ओळीत काटा घुसवला, दांड्यावर भार दिला आणि रोप उलटं केलं. माती गळाली. बटाटे बाहेर आले. त्यांनी एक उचलला, अंगठ्याने माती काढली. गुळगुळीत. दुसरा, गुळगुळीत. तिसऱ्यावर एक बारका चट्टा. पुढचं रोप, तसंच. मागच्या वर्षीचे बटाटे आठवले तर हे दुसऱ्या कुणाच्या शेतातले वाटत होते.

यंत्रवाला खाकरला. "निघालेत बरे."

वहिनी पुढच्या रोपाकडे वळल्या. आता काकांनी गप्प बसायचं होतं. पुतणीने बांधावरून डोळ्यांनी तसं सांगितलंही. पण काकांना धीर धरवेना.

"वहिनी, इकडे या ना. इथे काढा."

"तिथे का?"

"या तर."

वरच्या बाजूला, जिथे गेल्या वर्षी चुन्याची पोती उतरवून फोडली होती, तिथे त्यांनी वहिनींना उभं केलं. वहिनींनी काटा घातला. बटाटे वर आले, एकेक असा पोपडे धरलेला, खडबडीत, की यंत्रवाल्याचा चेहराच फुलला.

"बघा!" काका त्याच्याहून जास्त आनंदाने ओरडले. "हिने सांगितलं होतं की नाही! पाणी इथेही तेवढंच दिलं होतं, एक थेंब कमी नाही. पण चुना इथे सगळ्यात जास्त. ओल एकटी पुरी पडत नाही वहिनी! मला वाटलंच होतं असं निघेल, पण म्हटलं डोळ्यांनी बघू."

वहिनींच्या हातात तो खपल्यांचा बटाटा होता.

"भाऊजी," त्या सावकाश म्हणाल्या, "शेत जायची वेळ आली आणि तुम्ही मला वाईट बटाटे काढून दाखवताय?"

काकांच्या तेव्हा लक्षात आलं. गुडघा कट्‌ झाला.

"आपलं कसं असतं वहिनी," यंत्रवाला पुढे सरकला, "एकदम…"

"तुमच्या शेतातला वाईट बटाटा तुम्ही मला कधी दाखवलात का?" वहिनींनी विचारलं.

यंत्रवाल्याने उगाच पलीकडच्या शेतातल्या आपल्या यंत्राकडे बघितलं. वहिनींनी तो खडबडीत बटाटा नाकाशी नेला, वास घेतला आणि खाली टाकला.

"ह्या तुकड्यात पुढच्या वर्षी काय करणार?"

बांधावर पुतणीने हातातली पिशवी खाली ठेवली. 'पुढच्या वर्षी' हे शब्द काकांना एक क्षण उशिराने पोचले. मग त्यांनी घसा साफ केला. "इथे बटाटाच नको. इथे दुसरं काहीतरी घेऊ दोन-तीन वर्षं, चोराला उपाशी ठेवू. बाकीच्यात पाणी तसंच. आणि वहिनी… एक मागू?"

"काय?"

"एक ओळ. एकच. तिला मुद्दाम चुना द्यायचा."

"कशाला?" वहिनी आणि पुतणी एकदमच ओरडल्या.

"बघायला," काका म्हणाले. "आत्ता आपण समजतोय की चुन्यानं झालं. पण पोती फोडली म्हणून इथली माती तुडवलीही गेली होती, माणसं नाचली होती इथे. मग चुन्यानं झालं की पायांनी? एक ओळ चुन्याची, एक नुसती तुडवायची, शेजारी शेजारी."

वहिनींनी मुलीकडे बघितलं. मुलगी बोट ओठावर ठेवून विचारात पडली होती. "आई," ती म्हणाली, "ते मला सुचलं नव्हतं."

वहिनींनी फावडं काकांच्या हातात दिलं, पट्टा सैल केला आणि घराच्या वाटेला लागल्या. बांधावर पोचल्यावर मागे वळल्या.

"तुडवणार कोण? तुमच्या ह्या गुडघ्यांनी?"

काकांनी यंत्रवाल्याकडे बघितलं. तो अजून तिथेच होता, ते खडबडीत बटाटे न्याहाळत, आणि वाकून त्याने कुणाचं लक्ष नाही असं बघून मातीचं एक ढेकूळ उचललं, फोडलं आणि हुंगलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "हा वास नक्की कशाचा हो?"